‘पुढे’ नावाचे बटण

उजवीकडच्या पडद्यावर तिचे रोजचे काम चालू होते आणि डावीकडच्या पडद्यावर मी रचलेला कोर्स. ग्राहकांच्या तक्रारी नोंदवणाऱ्या एका विभागात मी दुसऱ्याच कुठल्या तरी प्रशिक्षणाच्या निमित्ताने तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. कानाला हेडफोन, बोटे कळफलकावर, पलीकडे कोणीतरी तावातावाने बोलणारा ग्राहक. आणि साधारण पाऊण मिनिट झाले की ती कर्सर डावीकडे सरकवून एक बटण दाबायची आणि बोलण्यात जराही खंड पडू न देता परत उजवीकडे यायची. त्या बटणावर ‘पुढे’ असे लिहिले होते. निवेदन संपेपर्यंत ते राखाडी राहते आणि संपले की निळे होते. कोणी घाईघाईने पाने उलटू नयेत म्हणून ही सोय आम्ही मुद्दाम केली होती आणि तेव्हा ती सुचल्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता. तिने कोर्सचा आवाज पूर्ण बंद ठेवला होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून निळे काहीतरी दिसले की दाबायचे, एवढाच तिचा त्या पडद्याशी संबंध होता. शेवटचा भाग संपला, पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उधळले गेले, प्रमाणपत्र झळकले आणि तिने ते न पाहताच बंद केले. मग हेडफोन मानेवर सरकवून तिने मला सहज विचारले, “हे असले कोर्स कोण बनवतं हो, मॅडम?”

“बाहेरून करून घेत असतील,” मी म्हणाले.

तो कोर्स अगदी शास्त्रशुद्ध होता, आणि मला टोचत राहिले ते हेच. आळसाने किंवा घाईने केलेले काम असते तर मी स्वतःला दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण पहिल्याच बैठकीत “तुमची पद्धत कोणती?” असा प्रश्न आला तेव्हा मी पाच चौकटींची ती ओळखीची आकृती पडद्यावर दाखवली होती: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. या पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव ॲडी. त्या पाच चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण दिसले की समोरच्या माणसांचे खांदे सैल पडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपले काम आता कोणत्या तरी शिस्तीत बसणार आहे याचा तो दिलासा असतो, आणि खरे सांगायचे तर तो मलाही हवा असतो. मागणी सरळ होती. तक्रारींचे एकतीस प्रकार ठरलेले असताना कर्मचारी निम्म्याहून अधिक तक्रारी ‘इतर’ या खात्यात ढकलतात, त्यामुळे कोणता माल कुठे बिघडतो आहे हे कळत नाही. म्हणजे लोकांना वर्गवारी समजलेली नाही. म्हणजे कोर्स हवा. या साखळीतली दुसरी कडी कोणी तपासलेली नव्हती. मीही तपासली नाही. तीन पर्यवेक्षकांच्या मुलाखती घेतल्या, एक प्रश्नावली फिरवली आणि चाळीस पानांचा विश्लेषण अहवाल लिहिला. पहिली चौकट भरली, तिच्यावर सही झाली आणि आम्ही दुसरीकडे वळलो.

या ॲडीचा जन्म ज्या परिस्थितीत झाला ती आठवली की माझी चूक मला अधिक स्पष्ट दिसते. 1975 साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राने अमेरिकन लष्करासाठी प्रशिक्षण रचण्याची एक कार्यपद्धती तयार केली, तिथून या पाच पायऱ्या आल्या. मूळ मांडणीत शेवटच्या पायरीचे नाव मूल्यमापन नव्हते, नियंत्रण होते, आणि हा शब्द त्या जगाला शोभणाराच आहे. हजारो माणसांना एकच काम एकाच रीतीने शिकवायचे, काम आधीच नेमके लिहून ठेवलेले, शिकणारा हुकमाचा ताबेदार: अशा जागी पायरीपायरीने जाणे शहाणपणाचे असते. पुढे ही अक्षरे इतक्यांच्या तोंडी झाली की या पद्धतीचा कर्ता कोण हे कोणाला सांगता येईना. मायकेल मोलेंडा यांनी 2003 मध्ये त्याचा शोध घेतला तेव्हा त्यांना मूळ ग्रंथ किंवा एकमेव जनक असा सापडलाच नाही. लोकांनी वापरता वापरता रूढ केलेले ते एक सोयीचे नाव निघाले. मला हे वाचून तेव्हा गंमत वाटली होती. लोककथेसारख्या कर्ता हरवलेल्या गोष्टीवर आम्ही निविदांमध्ये, करारांमध्ये आणि सह्यांच्या तक्त्यांमध्ये एखाद्या स्मृतिग्रंथासारखा विश्वास ठेवत होतो.

त्या दिवशी तिच्या शेजारी बसल्यावर मात्र चाळीस पानांत न आलेली गोष्ट मला दहा मिनिटांत दिसली. एका ग्राहकाची वस्तू चार दिवस उशिरा पोहोचली होती. तिने सगळे नीट ऐकून घेतले, दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकाराच्या यादीत ‘इतर’ निवडले. मी न राहवून विचारले की ही तक्रार उशिराच्या प्रकारात बसत नाही का. “बसते ना. सतरा नंबर,” ती लगेच म्हणाली, आणि मग मला समजावे म्हणून तिने सतरा निवडून दाखवला. एक नवी चौकट उघडली, तीत पाठवल्याची तारीख, ती भरल्यावर दुसरी, तीत वाहतूकदाराचा सांकेतिक क्रमांक, जो वेगळ्या प्रणालीतून शोधून आणावा लागतो, मग तिसरी. या सगळ्या वेळात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातले घड्याळ हिरव्याचे पिवळे झाले आणि पिवळ्याचे लाल होऊ लागले. संभाषण सहा मिनिटांच्या आत संपले पाहिजे, महिन्याचा आढावा त्या आकड्यावर होतो. ‘इतर’ मात्र यादीत सर्वांत वर होते आणि ते निवडले की एकही चौकट उघडत नव्हती. तिला एकतीसच्या एकतीस प्रकार तोंडपाठ होते. आमच्या कोर्सच्या आधीपासून.

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 मध्येच कामातल्या उणिवा तपासण्याची जी रीत मांडली होती, तिच्यातला एक प्रश्न आमच्या व्यवसायात सगळ्यांना पाठ असतो: जिवावर बेतले तर हा माणूस ते काम करू शकेल का? करू शकत असेल, तर त्याला शिकवून काही होणार नाही, अडचण दुसरीकडे आहे. थॉमस गिल्बर्ट यांनी 1978 मध्ये त्याच गोष्टीला सहा कप्प्यांत बसवले आणि सांगितले की आधी परिस्थितीकडे पाहा, माहिती मिळते का, साधने धड आहेत का, बक्षीस कशाला मिळते आहे, आणि माणसाच्या ज्ञानाकडे नंतर वळा. हे दोन्ही माझ्या स्वतःच्या व्याख्यानांच्या पारदर्शिकांत आहेत. मी ते नवशिक्या रचनाकारांना शिकवते. जिला बक्षीस वेगाचे मिळते तिला अचूकतेचे बारा भाग दाखवणारा कोर्स रचताना मात्र मला त्यांची आठवण झाली नाही, कारण मागणी कोर्सची होती आणि माझी रोजीरोटी कोर्सवर चालते.

म्हणून ॲडी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. या विषयावर लिहिणाऱ्यांना जुन्या पद्धतीचे श्राद्ध घालण्याची जी हौस असते ती मला नेहमीच थोडी उथळ वाटत आली आहे. काही वर्षांपूर्वी मी यंत्रे दुरुस्तीसाठी बंद करण्याच्या प्रक्रियेवर प्रशिक्षण तयार केले होते. वीज तोडायची, कुलूप लावायचे, साठलेला दाब सोडायचा आणि यंत्र खरोखर निर्जीव झाले आहे याची खात्री करूनच हात घालायचा. इथे क्रम चुकला तर बोटे जातात. आमचे विषयतज्ज्ञ एक अत्यंत तिरसट गृहस्थ होते. प्रत्येक स्टोरीबोर्ड, म्हणजे पडद्यागणिक मजकूर आणि चित्रांचा कच्चा आराखडा, लाल शाईने भरून परत यायचा, एकदा तर केवळ एका छायाचित्रातल्या माणसाने अंगठी घातली होती म्हणून अख्खा भाग परत आला. तेव्हा मी चिडले होते. पण त्या संथ, सहीशिक्क्यांच्या रचनेमुळेच ते प्रशिक्षण बिनचूक झाले, आणि तिथे झटपट नमुना करून ‘बघू लोक काय म्हणतात’ असे म्हणण्याची माझी हिंमतही झाली नसती.

उलट अनुभवही आहे. मायकेल ॲलन यांनी 2012 मध्ये सॅम ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली तेव्हा आमच्यापैकी अनेकांना मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटले. लांबलचक कागदपत्रांऐवजी लवकर एक ओबडधोबड नमुना करायचा, तो दाखवायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. विक्री विभागातल्या नव्या लोकांसाठीच्या एका ऑनलाइन कोर्सवर मी ती मोठ्या उत्साहाने लावली. पहिल्या बैठकीला निर्णय घेणारे साहेब आलेच नाहीत, त्यांनी प्रतिनिधी पाठवला. दुसऱ्या बैठकीला वेगळा प्रतिनिधी आला. नमुन्यामागून नमुने होत गेले आणि प्रत्येक वेळी चर्चा पात्राच्या शर्टाचा रंग, बटणाची जागा आणि पार्श्वसंगीत यांवर अडली, कारण नमुना डोळ्यांना दिसतो आणि दिसणाऱ्या गोष्टीवर प्रत्येकाला मत असते. प्रत्यक्ष शिकणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. पाचव्या फेरीनंतर साहेब स्वतः आले आणि म्हणाले की मुळात हा विषयच यात नको होता. त्या रात्री मला त्या लाल शाईवाल्या गृहस्थांची फार आठवण आली. सॅमच्या आकृतीत बाण गोल फिरतात, पण ‘आता पुरे’ म्हणणारा माणूस ती आकृती पुरवत नाही.

स्वेच्छेने घेतल्या जाणाऱ्या ऑनलाइन कोर्समध्ये तर चित्र आणखी पालटते, कारण तिथे शिकणाऱ्याला हाकलणारे कोणी नसते आणि खिडकी बंद करायला एक टिचकी पुरते. सुरुवातीला मी तिथेही रॉबर्ट गान्ये यांचे नऊ टप्पे इमानेइतबारे पाळत असे. लक्ष वेधा, उद्दिष्ट सांगा, पूर्वज्ञान जागे करा, असे करत करत शेवटी शिकलेले टिकवा आणि दुसरीकडे वापरायला लावा. दुसऱ्या महायुद्धात विमानदलाच्या प्रशिक्षणाशी संबंध आलेल्या या मानसशास्त्रज्ञाची मांडणी अजूनही भक्कम आहे, पण मी तिचा साचा केला होता. सात मिनिटांच्या प्रत्येक चित्रफितीची सुरुवात एका ओढूनताणून आणलेल्या प्रश्नाने आणि लगेच ‘या भागाच्या शेवटी तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील’ या वाक्याने होत असे. एकदा मला प्रेक्षक कोणत्या क्षणी सोडून जातात याचा आलेख पाहायला मिळाला. रेषा नेमकी त्या वाक्यापाशी कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. मेगर यांनी 1962 मध्ये उद्दिष्टे नेमकी लिहायला शिकवले ते आम्ही काय तपासणार हे आम्हाला कळावे म्हणून. ती यादी शिकणाऱ्याला वाचून दाखवलीच पाहिजे असा आमचा समज का झाला असेल, देव जाणे. त्यानंतर मी डेव्हिड मेरिल यांच्या 2002 च्या तत्त्वांकडे सरकले, जिथे सुरुवातच एका खऱ्या, अख्ख्या प्रश्नाने होते आणि बाकी सगळे त्याच्या भोवती येते. त्याने माझे कोर्स सुधारले. निदान मला तसे वाटते, कारण सोडून जाणारे लोक कारण सांगून जात नाहीत.

मूल्यमापनाच्या चौकटीबद्दल न लिहिलेलेच बरे, पण तक्रारींच्या त्या कोर्सचे काय झाले ते सांगितलेच पाहिजे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून लिहिलेल्या लेखांतून जे चार स्तर पुढे आले, लोकांना आवडले का, ते शिकले का, कामात वागणे बदलले का आणि शेवटी काही साधले का, त्यांपैकी पहिल्यावर आमचे बहुतेक प्रकल्प संपतात. आमच्या कोर्सला भरपूर तारे मिळाले होते. पूर्णतेचा आकडा शंभर टक्के होता. कोर्स ज्या स्कॉर्म या ऑनलाइन कोर्सच्या तांत्रिक मानकातून अहवाल पाठवत होता त्याची आवृत्ती 2001 सालची, आणि तिला मुख्यतः एवढेच सांगता येते: पूर्ण की अपूर्ण, उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, किती गुण, किती वेळ. शेजारच्या पडद्यावर एक बाई ग्राहकाशी बोलते आहे हे तिला कळण्याचा प्रश्नच नव्हता. कमीत कमी वेळेची अट सगळ्यांनी पाळली होती, कारण बटणच निळे होत नव्हते. शिवाय पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवणारा निवेदक होता. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलेले आहे की चित्र, आवाज आणि तोच छापील मजकूर असा तिहेरी मारा साधारणपणे शिकण्याला मदत करण्याऐवजी आड येतो. मी तसे एका बैठकीत सांगितलेही होते. “निवेदन नसेल तर कोर्स कोरा वाटतो,” असे उत्तर आले आणि मी ते इतिवृत्तात लिहून घेतले.

त्या भेटीनंतर मी दोन पानांचे टिपण पाठवले. ‘इतर’ हा पर्याय यादीच्या तळाशी न्या, तो निवडल्यास एक ओळ लिहिणे सक्तीचे करा आणि सहा मिनिटांच्या मर्यादेचा फेरविचार करा, एवढेच त्यात होते. प्रशिक्षण विभागाने कळवले की हा विषय संगणक विभागाच्या कक्षेत येतो. संगणक विभागाचे उत्तर आलेच नाही. पुढे काही महिन्यांनी प्रणालीची नवी आवृत्ती आली, तिच्यात सगळ्या याद्या अकारविल्हे लावण्यात आल्या आणि ‘इतर’ आपोआप वरून घसरून मधेच कुठेतरी जाऊन बसले. ‘इतर’खाली जाणाऱ्या तक्रारी कमी झाल्या. वर्षअखेरच्या अहवालात ती घट आमच्या कोर्सच्या नावावर जमा झाली, कर्कपॅट्रिक यांच्या चौथ्या स्तरावर, आलेखासकट. तो अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. मी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि परत पाठवला.

हल्ली कोणी पद्धत विचारली की मी आधी एक दिवस कामाच्या जागी बसू देण्याची विनंती करते, आणि बहुतेक वेळा तो दिवस वेळापत्रकात नसतो. मिळाला, तर माझी निवड फारशी अवघड राहत नाही. चुकीची किंमत मोठी असेल, काम स्थिर असेल, तर मी जुन्या पाच चौकटींकडे निमूटपणे जाते. शिकणारी माणसे लवकर भेटणार असतील आणि निर्णय घेणारा माणूस खोलीत बसणार असेल, तर नमुने करत जाते. काम गुंतागुंतीचे असेल, अनेक कौशल्ये एकाच वेळी लागणार असतील, तर शिक्षणतज्ज्ञ व्हान मेरिएनबोअर यांच्या रीतीने सुरुवातीपासून अख्खे काम देते, फक्त सोपे करून. ही रीत मला मनापासून आवडते आणि तिला लागणारा वेळ मला जवळपास कधीच मिळत नाही. आणि दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या एकतीस प्रकारांची यादी असेल, तर कोर्स करूच नये, शोधता येईल असे एक पान करावे. निविदेच्या रकान्यात मात्र मी अजूनही ‘ॲडी’ असेच लिहिते. तो रकाना रिकामा सोडला तर पुढची पायरी उघडत नाही.

गेल्या महिन्यात त्या विभागात पुन्हा जाणे झाले. ती तिथेच होती, आता नव्या लोकांना शेजारी बसवून शिकवत होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिला सांगून टाकले की तो बारा भागांचा कोर्स मीच केला होता आणि तेव्हा मी खोटे बोलले होते. ती ओशाळेल किंवा हसेल असे मला वाटले होते. “मग बरंच झालं भेटलात,” असे म्हणून तिने कळफलकाखालून घडी घातलेला एक कागद काढला. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली होती. ‘वस्तू आली तेव्हाच खराब होती’ आणि ‘वस्तू वाटेत खराब झाली’ या दोन प्रकारांतला फरक ओळखण्यासाठी ग्राहकाला विचारायचे चार प्रश्न त्यावर होते. हे पान स्टोरीबोर्डात नव्हते. चाचणीच्या वेळी एका मुलाने या दोहोंत आपला नेहमी घोळ होतो असे सांगितले, म्हणून त्याला शेजारी बसवून मी ते एका दुपारी तयार केले होते आणि कोर्सच्या शेवटी ‘अधिक माहिती’ या कोपऱ्यात टाकून दिले होते. त्याला निवेदन नव्हते, चित्र नव्हते, सहीसुद्धा घेतलेली नव्हती.

“यातला बारा नंबरचा प्रकार आता चौदा झालाय,” तिने पेनाने खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवले, “आणि हा तिसरा प्रश्न उलटा विचारला तर लोक पटकन सांगतात. नव्या पोरांना देते मी हे. एवढं बदलून मिळेल का?” कोर्सची फाइल पुन्हा उघडायची तर मंजुरी लागणार, मंजुरीसाठी बदलाचा अर्ज, आणि अर्जासोबत विश्लेषणाचा नवा अहवाल, हे सगळे माझ्या डोक्यात एका दमात येऊन गेले. मी तिसरा प्रश्न उलटा म्हणजे नेमका कसा विचारायचा असे विचारणार, तेवढ्यात तिच्या हेडफोनमधून घंटा वाजली. तिने बोटाने मला थांबायची खूण केली. मी खुर्ची जवळ ओढली आणि पर्समध्ये पेन शोधू लागले.